घर दोघांचं, टॅक्स एकाचा, डिडक्शन कुणाचं?

“घटस्फोटाच्या निकालपत्रात स्पष्ट लिहिलंय की प्रॉपर्टी टॅक्स मी भरायचा. बारा हजार भरले. मग बाराही हजार माझ्याच रिटर्नमध्ये जाणार ना?”

न्यू जर्सीत मार्च महिन्यात ओळखीच्यांच्या कागदांच्या पिशव्या उपसायला बसलं की दरवर्षी एखाद्या तरी टेबलावर हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा रागही असतो. घर सुटलं, मुलगी आठवड्यातून दोन दिवस भेटते, वर हा टॅक्स. निदान त्याचं डिडक्शन, म्हणजे करपात्र उत्पन्नातून वजावट, तरी मिळावं! मी मग एकच विचारते, “डीडवर, म्हणजे घराच्या मालकीच्या कागदावर, नावं कोणाची आहेत, आणि कशी?” पुढची व्यक्ती गप्प होते. निकालपत्र पाठ असतं, डीड मात्र घर घेतलं त्या दिवसापासून कुणी उघडलेलं नसतं.

सगळा गुंता इथेच आहे. पैसे कोणी भरायचे हे कौटुंबिक न्यायालय ठरवतं. डिडक्शन कोणाला मिळणार हे ठरवताना आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं केंद्रीय करखातं, दुसऱ्याच दोन गोष्टी बघतं: कर कायद्याने कुणावर बसलेला आहे, म्हणजेच मालक कोण, आणि पैसे खरोखर कुणाच्या खिशातून गेले. दोन्हींचं उत्तर एकाच माणसाकडे बोट दाखवत असेल तरच डिडक्शन त्याचं. शेजाऱ्याच्या घराचा टॅक्स मी प्रेमाने भरला तर माझे पैसे जातात, डिडक्शन मिळत नाही. घटस्फोटानंतर पूर्वीचा जोडीदार करखात्याच्या लेखी बराचसा त्या शेजाऱ्यासारखाच होतो.

नवरा-बायको म्हणून न्यू जर्सीत घर घेतलं की डीडवर वेगळं काही लिहिलं नसेल तर मालकीचा प्रकार होतो ‘टेनन्सी बाय द एन्टायरटी’. नाव अवघड आहे, कल्पना सोपी. घराचे दोन अर्धे नसतातच. दोघं मिळून एक मालक, आणि प्रत्येक जण पूर्ण घराचा. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबाच्या वाड्यासारखं, की ही खोली तुझी आणि ती माझी असं कुणी म्हणू शकत नाही. त्यामुळे टॅक्सही दोघांपैकी प्रत्येकावर पूर्ण बसतो. लग्न कायद्याने टिकून आहे तोवर दोघांपैकी कोणीही एकाने पूर्ण टॅक्स भरला तर तो पूर्ण टॅक्स त्याच्या डिडक्शनमध्ये धरता येतो, मग दोघं वेगळ्या घरांत राहत असले तरी.

घटस्फोटाच्या निकालावर सही झाली की हा मालकीप्रकार संपतो. त्यासाठी वेगळा अर्ज नाही, रजिस्ट्रीत फेरी नाही. नवरा-बायको हे नातंच त्या मालकीचा पाया होतं. तो गेला की कायदा आपोआप दोघांना ‘टेनंट्स इन कॉमन’ करतो. वेगळं काही ठरलं नसेल तर प्रत्येकाचा अर्धा हिस्सा. डीडचा कागद तोच, त्यावरची शाई तीच, पण मालकी पालटलेली असते. आणि ती पालटल्याचं पत्र कुणी घरी पाठवत नाही.

आयआरएसची घटस्फोटितांसाठीची एक पुस्तिका आहे, पब्लिकेशन ५०४. तिच्यात सामाईक घराच्या खर्चाचा एक छोटा तक्ता आहे. मालकी एन्टायरटीची किंवा जॉइंट टेनन्सीची (हयात राहील त्याच्याकडे पूर्ण घर जाणारी सामाईक मालकी) असेल आणि टॅक्स तुम्ही पूर्ण भरला असेल, तर पूर्ण तुमचा. मालकी टेनन्सी इन कॉमनची असेल, तर भरलेल्या टॅक्सचा अर्धाच तुमचा. उरलेला अर्धा तुम्ही दुसऱ्याच्या वतीने भरला. २०१८ च्या अखेरीपर्यंत झालेल्या घटस्फोटांत या दुसऱ्या अर्ध्याला पोटगी मानलं जातं: भरणाऱ्याला ती वजा करता येते, मिळणाऱ्याला उत्पन्नात दाखवावी लागते. १ जानेवारी २०१९ पासूनच्या निकालांना ती सोय नाही. पोटगी देणाऱ्याला वजावट नाही, घेणाऱ्यावर कर नाही. पण जुने लेख अजून फिरत असतात, आणि २०१५ साली घटस्फोट झालेला मित्र छातीठोकपणे सांगतो, “अरे, मी तर सगळं डिडक्ट करतो.” त्याच्यासाठी ते बरोबरही असतं.

आता आकडे घेऊन बसू. न्यू जर्सीतल्या एडिसन गावातलं एक काल्पनिक जोडपं धरा. निकाल जून २०२४ मध्ये झाला. ठरलं असं की मुलीचं हायस्कूल संपेपर्यंत ती आणि मुलगी घरात राहतील, मग घर विकून पैसे अर्धे-अर्धे. टॅक्स आणि इन्शुरन्स त्याने भरायचा, कर्जाचा हप्ता दोघांनी निम्मा-निम्मा. वर्षाचा टॅक्स १२,००० डॉलर, कर्जाचं व्याज १०,०००.

पहिल्या वर्षाचीच गंमत बघा. न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्स चार हप्त्यांत जातो: १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट आणि १ नोव्हेंबर. त्याने चारही हप्ते, प्रत्येकी ३,००० डॉलर, स्वतःच्या खात्यातून भरले. फेब्रुवारी आणि मेचे सहा हजार भरले तेव्हा मालकी एन्टायरटीची होती, म्हणून ते पूर्ण त्याचे. ऑगस्ट आणि नोव्हेंबरचे सहा हजार भरताना मालकी कॉमनची झालेली, म्हणून त्यातले तीनच. एकूण नऊ. रिटर्न भरण्याचा दर्जा मात्र असा तुकड्यांत मोजत नाहीत. तो ३१ डिसेंबरला काय होता त्यावर सगळ्या वर्षाचा ठरतो. जूनमध्ये निकाल लागला तर जानेवारीपासूनच तुम्ही अविवाहित.

२०२५ हे पूर्ण वर्ष घेतलं तर भरले बारा, मोजायचे सहा. इथपर्यंत ऐकून बहुतेक जण चिडतात. काही खटल्यांत टॅक्स कोर्टाने सहमालकाला पूर्ण टॅक्सचं डिडक्शन दिलं आहे हे खरं आहे. त्याने भरला नसता तर घरावरचा स्वतःचा हक्कच धोक्यात आला असता, असं तिथे मानलं गेलं. पण तो वाद कोर्टात लढण्याचा आहे. मार्चच्या एका रविवारी सॉफ्टवेअरमध्ये आकडा टाकून तो जिंकता येत नाही. शिवाय वाद घालण्याआधी तो नेमका किती पैशांचा आहे ते बघावं.

प्रॉपर्टी टॅक्सचं डिडक्शन शेड्यूल ए, म्हणजे एकेक वजावट मांडायचा फॉर्म, भरणाऱ्यालाच मिळतं. ज्याच्या वजावटींची बेरीज सरसकट मिळणाऱ्या ठोक वजावटीपेक्षा जास्त भरते त्यालाच तो भरणं परवडतं. २०२५ साठी एकट्या व्यक्तीची ठोक वजावट १५,७५० डॉलर आहे. मूल सांभाळणाऱ्या कुटुंबप्रमुखाची, म्हणजे ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ची, २३,६२५ डॉलर.

त्याचा पगार समजा दीड लाख. न्यू जर्सीचा आयकर साधारण सात हजार, प्रॉपर्टी टॅक्सचा अर्धा सहा हजार, व्याजाचा अर्धा पाच हजार. बेरीज अठरा हजार. ठोक वजावटीपेक्षा जास्त, म्हणून शेड्यूल ए भरणं परवडतं. टॅक्सचे आणखी सहा हजार पदरात पडले असते तर? तो २४ टक्क्यांच्या पायरीवर आहे, म्हणजे १,४४० डॉलर वाचले असते.

तिचा पगार पंच्याण्णव हजार. राज्याचा आयकर समजा तीन हजार, टॅक्सचा अर्धा सहा हजार, व्याज पाच हजार: चौदा हजार. कुटुंबप्रमुख म्हणून तिची ठोक वजावट २३,६२५. तिला सहा नव्हे, पूर्ण बारा हजार दिले तरी बेरीज वीस हजारांवर थांबते. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, रिटर्नमध्ये तिला या डिडक्शनचा एक सेंटही उपयोग नाही! दोघांचे वकील ज्या ओळीवर दोन महिने ई-मेल पाठवत होते, त्या ओळीची किंमत एका बाजूला १,४४० डॉलर आणि दुसऱ्या बाजूला शून्य. वकिलांच्या तासाचा दर लक्षात घेता हे आधीच कागदावर मांडून बघायला काय हरकत होती?

पण तिचा खरा धोका दुसरीकडे आहे, आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. कुटुंबप्रमुखाचा दर्जा मिळायला मूल वर्षातला अर्ध्याहून जास्त काळ तुमच्याकडे राहायला हवं आणि घर चालवण्याचा अर्ध्याहून जास्त खर्च तुम्ही केलेला हवा. या खर्चात प्रॉपर्टी टॅक्स, व्याज, इन्शुरन्स, दुरुस्ती, वीज आणि घरात शिजणारं अन्न धरतात. आपल्या जोडप्याच्या घराचा हा खर्च मांडू: टॅक्स १२,०००, व्याज १०,०००, इन्शुरन्स २,०००, वीज-किराणा-दुरुस्ती १२,०००. एकूण ३६,०००. त्याने टॅक्स, इन्शुरन्स आणि अर्धं व्याज भरलं: १९,०००. तिने भरले १७,०००. म्हणजे अर्ध्याला हजारभर कमी. मुलगी तिच्याजवळ, घर ती चालवते, तरी करखात्याच्या हिशोबात ती कुटुंबप्रमुख ठरत नाही. एकट्या व्यक्तीच्या दराने तिला भरावा लागणारा कर जवळपास साडेतीन हजार डॉलरने वाढतो.

साडेतीन हजार! आणि भांडण चाललं होतं चौदाशे चाळीसवर.

यावर उपाय आहे, आणि तो निकालपत्र लिहितानाच करायचा असतो. “टॅक्स तो भरेल” असं लिहिण्याऐवजी असं लिहावं की त्याने आपला अर्धा टॅक्स स्वतः भरायचा, आणि तिच्या अर्ध्याएवढी रक्कम पोटगी म्हणून तिच्या खात्यात द्यायची. तिचा अर्धा टॅक्स तिने आपल्या खात्यातून भरायचा. त्याच्या खिशातून तेवढेच पैसे जातात आणि त्याचं सहा हजारांचं डिडक्शन जिथल्या तिथे राहतं. पोटगी म्हणून हातात आलेले पैसे मात्र तिचे झाले. त्यावर तिला कर नाही, आणि त्यातून भरलेला टॅक्स तिने भरला असं धरलं जातं. आता खर्चाची विभागणी होते तिचे २३,००० आणि त्याचे १३,०००. दर्जा वाचला. उरलेल्या अर्ध्यावर मालक आणि भरणारी एकच, त्यामुळे तो वादही मिटला. वकील कौटुंबिक कायद्यातला असेल तर हे त्याला सुचेलच असं नाही. आपण सुचवावं.

आता वरच्या मर्यादेबद्दल. राज्याचा आयकर आणि प्रॉपर्टी टॅक्स मिळून किती वजा करता येईल यावर २०१८ पासून १०,००० डॉलरचं झाकण होतं. एकट्यालाही दहा आणि जोडप्यालाही दहाच, त्यामुळे न्यू जर्सीत लोक म्हणायचे की या कायद्याने घटस्फोटाला सवलत दिलीय. वर आपल्या गृहस्थाचे २०२४ चे नऊ हजार काढले ना? त्यात राज्याचा सात हजार आयकर मिळवला की सोळा होतात, आणि मोजायला मिळतात दहाच. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने ही मर्यादा २०२५ साठी ४०,००० केली. २०२९ पर्यंत ती दरवर्षी एक टक्का वाढेल आणि २०३० मध्ये पुन्हा १०,००० वर येईल. पाच लाखांच्या वर उत्पन्न असेल तर ती हळूहळू आक्रसते, पण दहा हजारांच्या खाली जात नाही. म्हणजे मुलगी आज सहावीत असेल तर तुमच्या करारातली शेवटची काही वर्षं जुन्या झाकणाखाली जाणार आहेत. आजचे आकडे धरून दहा वर्षांचा हिशोब मांडणाऱ्यांनी हे बघून ठेवावं.

निकाल लागलेला नाही, दोघं वेगळे राहतात आणि वेगवेगळी रिटर्न भरतात, अशा मधल्या काळात आणखी एक अट आडवी येते. एकाने शेड्यूल ए भरलं तर दुसऱ्याला ठोक वजावट घेता येत नाही. तिच्याकडे मांडायला वजावट काहीच नसली तरी तिलाही शेड्यूल एच भरावं लागतं. मर्यादाही अर्धी, २०२५ साठी प्रत्येकी २०,०००. एकमेकांशी बोलणं बंद असलं तरी एवढा एक मेसेज पाठवावा: “तू शेड्यूल ए भरतोयस का?”

बँकेमार्फत टॅक्स जात असेल तर कागदांचा वेगळा घोळ होतो. कर्जाच्या हप्त्यासोबत दर महिन्याला टॅक्सचे पैसे एस्क्रोत, म्हणजे बँकेने त्यासाठी ठेवलेल्या खात्यात, जमा होतात, पण डिडक्शन त्या तारखेचं नसतं. बँक ज्या दिवशी नगरपालिकेला पैसे देते त्या दिवसाचं धरायचं. वर्षाअखेरीला बँक कर्जाच्या व्याजाचा दाखला, फॉर्म १०९८, पाठवते तो कर्जावर ज्याचं नाव पहिलं त्याच्या नावाने. फॉर्मवर नाव आहे म्हणून सगळं डिडक्शन आपलं, हा समज फार पक्का असतो. फॉर्म फक्त बँकेकडे किती आले ते सांगतो. दोघांनी अर्धे-अर्धे भरले असतील तर दोघांनी आपापल्या बँकेची स्टेटमेंट जपून ठेवायची. हप्ता अजूनही जुन्या जॉइंट खात्यातून जात असेल तर ते खातं शक्य तितक्या लवकर बंद करा. त्यातले पैसे कोणाचे हे तीन वर्षांनी सिद्ध करणं फार कंटाळवाणं काम आहे.

आणि ज्याने डीडवरून नाव काढून घेतलं त्याचं काय? घर तिच्या एकटीच्या नावावर झालं, पण करारानुसार टॅक्स तो भरत राहिला, तर त्याला काहीही मिळत नाही. तो आता मालकच नाही. कर्जावर त्याचं नाव अजून असेल, बँक त्याला फोन करत असेल, तरी टॅक्सच्या डिडक्शनशी त्याचा संबंध नाही. डीड आणि कर्ज हे दोन वेगळे कागद आहेत, आणि एकावरून सुटलं म्हणजे दुसऱ्यावरून सुटलं असं होत नाही. नाव काढण्याची घाई करणाऱ्यांना हे आधी कुणी सांगत नाही.

राज्याच्या रिटर्नमध्ये चित्र आणखी वेगळं. न्यू जर्सी स्वतःच्या आयकरात १५,००० डॉलरपर्यंत प्रॉपर्टी टॅक्स वजा करू देते, नाहीतर ५० डॉलरचं क्रेडिट, म्हणजे थेट करातली सूट. तिथे शेड्यूल एची अट नाही, पण घर तुमचं मुख्य राहतं घर असायला हवं, आणि सहमालक तुमचा जोडीदार नसेल तर मालकीच्या हिश्श्याएवढाच टॅक्स धरायचा. म्हणून फेडरलमध्ये जिला काही मिळत नव्हतं तिला इथे आपल्या अर्ध्याचं मिळतं. तो घर सोडून गेलाय, त्याला या घरापोटी इथे काही नाही. मात्र तो भाड्याने राहत असेल तर भाड्याचे १८ टक्के प्रॉपर्टी टॅक्स म्हणून धरता येतात. महिना दोन हजार भाडं म्हणजे वर्षाचे ४,३२० डॉलर. हे फार जण विसरतात, आणि वर्षानुवर्षं ५० डॉलरवर समाधान मानतात.

कशाला टॅक्स म्हणायचं हेही एकदा बिलावर बघून घ्यावं. घराच्या किमतीवर लागतो तो टॅक्स. पाण्याचं आणि सांडपाण्याचं बिल, असोसिएशनची फी, तुमच्याच गल्लीतल्या फुटपाथसाठी लावलेली खास आकारणी यांतलं काही शेड्यूल एवर चालत नाही. हप्ता चुकल्यावरचं व्याजही नाही. न्यू जर्सीत ते पहिल्या १,५०० डॉलर थकबाकीवर ८ टक्के आणि त्यावरच्या रकमेवर १८ टक्क्यांपर्यंत असू शकतं. ‘त्याने भरायचं होतं, भरलंच नाही’ अशा घरांत ही रक्कम बघता बघता वाढते, आणि नगरपालिकेला तुमच्या निकालपत्राशी काही देणंघेणं नसतं. भरला नाही तर टॅक्सचा बोजा पूर्ण घरावर चढतो, दोघांच्याही हिश्श्यांवर.

राहता राहिला पुण्यातला फ्लॅट. तोही बऱ्याच जोडप्यांचा सामाईक असतो आणि निकालपत्रात त्याचा उल्लेख कधी एका ओळीत येतो, कधी येतच नाही. तिथली घरपट्टी भावाने भरली, पावती व्हॉट्सअ‍ॅपवर आली, ती अमेरिकन रिटर्नमध्ये चालेल का? परदेशातल्या घराचा टॅक्स शेड्यूल एवर २०१८ पासून बंद आहे. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर त्या भाड्याच्या उत्पन्नातून तुमच्या हिश्श्याची घरपट्टी खर्च म्हणून वजा होते. भारतातल्या रिटर्नमध्येही तोच न्याय: भाड्याचं घर असेल, मालकाने त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेली असेल, तर भाड्यातून वजा, हिस्से ठरलेले असतील तर प्रत्येकाचा हिशोब वेगळा. फ्लॅट कुलूपबंद असेल तर दोन्हीकडे काही नाही. म्हणून घटस्फोटाच्या कागदांत पुण्याच्या फ्लॅटसाठी वेगळा परिच्छेद मागून घ्या, त्यात हिस्से आकड्यात लिहून घ्या, आणि घरपट्टी भरणाऱ्या भावाला पैसे कुणाच्या खात्यातून पाठवताय ते लक्षात ठेवा.